इंग्रजी शिवीचं व्याकरण

ब्रिटिश लष्करातला म्हणून एक किस्सा सांगतात. गाडी बंद पडलेली, बॉनेट उघडं, आत डोकं खुपसलेला मेकॅनिक. अर्धा तास खटपट करून तो पाना खाली टाकतो, हात पुसतो आणि निकाल जाहीर करतो: ‘फक! द फकिंग फकर्स फकिंग फक्ड.’

वाक्य जरा सावकाश वाचा. सुरुवातीचा ‘द’ आणि ‘फकर’ला चिकटलेला इवलासा ‘इज’ सोडला, तर यात दुसरा शब्दच नाही. तरी शेजारी उभ्या असलेल्या शिपायाला सगळं कळलेलं असतं. पहिला शब्द नुसता उद्गार आहे. दुसरा विशेषण, तिसरा नाम, म्हणजे समोरचं इंजिन. चौथा क्रियाविशेषण, आपल्या ‘पार’, ‘साफ’सारखा. आणि पाचवा इंजिनाची अवस्था सांगतो. मराठी मेकॅनिक म्हणेल, ‘च्यायला, या भिकारड्या धुडाची पार वाट लागलीय.’ पाच जागा भरायला आपल्याला पाच वेगवेगळे शब्द शोधावे लागले. त्याने एकाच शब्दाला कधी ‘इंग’, कधी ‘अर’ लावून भागवलं.

आधीच सांगून टाकतो, या लेखात शिव्या उघड लिहिल्या आहेत. फुल्या मारून व्याकरण समजावता येत नाही. डॉक्टरच्या भिंतीवर आतड्यांचं चित्र टांगलेलं असतं, तितक्याच निर्विकारपणे वाचावं.

त्या मेकॅनिकच्या वाक्यात शरीरसंबंधाचा मागमूसही नाही. शब्दाचा मूळ अर्थ तोच आहे, पण इथे तो कोणाच्या मनातही येत नाही. शब्द वापरून वापरून त्यातला अर्थ विटत जाणं ही प्रत्येक भाषेत चालणारी गोष्ट. आपण ‘भयंकर गोड मुलगी आहे’ म्हणतो तेव्हा भय कुठे असतं? मिसळ ‘खतरनाक’ झाली म्हणून कोणी पोलिसांना बोलावत नाही. फरक असा, की ‘भयंकर’चा अर्थ विटला तसा धाकही गेला, तो शब्द आता आजीसमोरही चालतो. इंग्रजी शिवीतला अर्थ गेला, पण आजीसमोर ती अजूनही चालत नाही. आत काही नाही आणि तिखट मात्र शाबूत, अशा शब्दाला वाक्यात कुठेही बसवता येतं, कारण अर्थ आडवा येत नाही. इंग्रजी शिवी इतकी कामाची झाली ती यामुळे.

कुठेही म्हणजे खरोखर कुठेही नव्हे. त्यालाही नियम आहेत, आणि ते बरेच कडक आहेत.

शिकागो विद्यापीठातले जेम्स मॅकॉली हे नामांकित भाषाशास्त्रज्ञ. १९६० च्या दशकात, व्हिएतनाम युद्धाच्या धामधुमीत, त्यांनी क्वांग फुक डोंग या टोपणनावाने एक निबंध लिहिला. लेखक ‘साऊथ हनोई इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी’चा असल्याची बतावणी केली. संस्थेची आद्याक्षरं एस, एच, आय, टी अशी जुळवली की गंमत कळते. पण निबंधातला प्रश्न पोरकट नव्हता: ‘फक यू’ या वाक्याचा कर्ता कोण?

वरवर पाहता हा आज्ञार्थ वाटतो, ‘ऊठ’, ‘बस’, ‘चालू लाग’ यांसारखा. मॅकॉलींनी तो आज्ञार्थ नाही हे सिद्ध केलं. इंग्रजीत समोरच्याने स्वतःवरच काही करायचं असेल तर ‘यू’ चालत नाही, ‘युअरसेल्फ’ लागतं. ‘वॉश यू’ असं कोणी म्हणत नाही, ‘वॉश युअरसेल्फ’ म्हणतात. मग इथे ‘यू’ कसा चालला? शिवाय आज्ञेच्या आधी ‘प्लीज’ लावता येतं, ‘डोन्ट’ लावून ती नकारार्थी करता येते, शेवटी ‘उद्या’ जोडता येतं. ‘फक यू’ला यातलं काहीच लागत नाही. मराठीत ‘मसणात जा’ ही खरीखुरी आज्ञा आहे. ‘उद्या मसणात जा’, ‘मसणात जाऊ नकोस’ हे विचित्र असलं तरी व्याकरणात बसतं. ‘फक यू’ची जात निराळी. तिथे कोणी कोणाला काही करायला सांगतच नाही, बोलणारा फक्त आपला रोख दाखवतो. मला विचाराल तर त्याचा जवळचा नातेवाईक ‘मुर्दाबाद’ आहे. त्यालाही कर्ता नाही, काळ नाही, आणि त्याच्यामागे ‘उद्या’ही लावता येत नाही.

दुसरा नियम तर इंग्रजी बोलणाऱ्यांनाही ठाऊक नसतो, पण ते तो चुकवत नाहीत. इंग्रजीत शब्दाच्या आधी काहीतरी जोडता येतं, नंतर जोडता येतं. शब्द मधोमध फोडून आत दुसरा शब्द घालायची सोय जवळजवळ नाही. शिव्यांसाठी मात्र ती आहे. ‘अब्सोल्यूटली’चं ‘अब्सो-फकिंग-ल्यूटली’ होतं. ‘फॅन्टास्टिक’चं ‘फॅन-फकिंग-टास्टिक’. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचं ‘मिने-फकिंग-सोटा’, आणि ऑस्ट्रेलियात कांगारूचा ‘कांगा-ब्लडी-रू’.

शब्द नेमका कुठे फोडायचा? जॉन मॅकार्थी या भाषाशास्त्रज्ञाने १९८२ साली याचं उत्तर रीतसर मांडलं. इंग्रजी शब्दात एका अवयवावर, म्हणजे एका दमात उच्चारलेल्या तुकड्यावर, जोर असतो. ‘अब्सोल्यूटली’त तो ‘ल्यू’वर, ‘फॅन्टास्टिक’मध्ये ‘टा’वर. शिवी त्या जोराच्या अगदी आधी शिरते. ‘फॅन्टा-फकिंग-स्टिक’ असं इंग्रज दारू पिऊनही म्हणणार नाही. कुठल्याही शाळेत हे शिकवत नाहीत, उलट शाळेत असं बोललं तर बाहेर उभं करतात. तरी लिव्हरपूलचा गोदी कामगार आणि टेक्ससचा ट्रक ड्रायव्हर दोघेही एकाच जागी तोडतात. आपण मराठी माणसांनी हे करायला जावं तर हटकून चुकतो, कारण मराठीत अवयवावरचा असा ठसठशीत जोर नाही. मी एकदा बसल्या बसल्या ‘महाबळेश्वर’ फोडून पाहिलं. चार ठिकाणी फोडता आलं आणि चारही ठिकाणी सारखंच वाईट वाटलं.

तिसरं प्रकरण ‘द हेल’चं. ‘व्हॉट द हेल’, ‘हू द हेल’, ‘व्हेअर द हेल’ हे सगळं चालतं. ‘विच द हेल’ मात्र नाही. का? ‘विच’ म्हणजे ‘यांतला कोणता’. समोर चार पर्याय ठेवलेले असतात. ‘द हेल’ घालणारा सांगत असतो, की मला उत्तराचा सुगावाही नाही. दोन्ही एकत्र नांदणार कसे? ही बारीक गोष्ट परकी वाटत असेल तर आपलं ‘डोंबल’ आठवा. ‘काय डोंबल कळलं?’, ‘कोण डोंबल येणार?’ म्हणतो, पण दुकानात दोन साड्या पुढ्यात ठेवून ‘यातली कोणती डोंबल घेऊ?’ असं म्हणवत नाही. तिथे जीभ आपोआप अडते.

‘शिट’बद्दल फार लिहीत नाही, फक्त एक अनुभव. काही वर्षांपूर्वी परदेशातल्या टीमसाठी एक सादरीकरण केलं होतं. रात्रीच्या कॉलवर तिथल्या एका तरुण सहकाऱ्याने शेवटची स्लाइड पाहिली आणि म्हणाला, ‘मॅन, धिस इज द शिट.’ मला घाम फुटला. कॉल संपल्यावर दीड वाजेपर्यंत एकेक आकडा पुन्हा तपासला. चूक सापडेना. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एकीने हसत हसत सांगितलं, अरे, ‘द’ ऐकलास ना? ‘धिस इज शिट’ म्हणाला असता तर केराची टोपली. ‘द’ लागला की ‘एक नंबर’. एवढ्याशा ‘द’ने माझी रात्र घालवली. ‘ॲस’चेही असेच चाळे. ‘गेट युअर ॲस इन हिअर’मध्ये ते जवळपास ‘तू’ या सर्वनामाचं काम करतं. बोलावलेलं असतं सबंध माणसाला. ‘बिग-ॲस कार’मध्ये तेच विशेषणाला चिकटून ‘ही एवढी मोठी’ होतं.

आता हे तिखट येतं कुठून? काळाप्रमाणे त्याची जागा बदललेली आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये आज छापायला जड जाणारे देहाचे शब्द गल्ल्यांच्या नावांतही असत. जिभेवर बंदी होती ती देवाच्या नावाने वावगं बोलण्याची. १६०६ साली कायदाच झाला: नाटकात रंगमंचावर देवाचं नाव वावगं घेतलं तर दहा पौंड दंड. त्या काळी ही रक्कम चांगलीच मोठी होती. मग पळवाटा निघाल्या. ‘गॉड्स वून्ड्स’, म्हणजे देवाच्या जखमांची शपथ, तिचं ‘झाउंड्स’ झालं. पुढे ‘गॉड’चं ‘गॉश’, ‘हेल’चं ‘हेक’, ‘डॅम’चं ‘डार्न’, आणि आपल्या काळात ‘शिट’चं ‘शूट’, ‘फकिंग’चं ‘फ्रिकिंग’.

या कलेत आपण कोणाच्या मागे नाही. ‘आयला’ हे अर्धवट सोडलेलं वाक्य आहे. पुढचं काय ते सगळ्यांना ठाऊक, आणि पुढचं म्हणायचं नाही म्हणूनच ते घरात खपतं. कॉलेजच्या कट्ट्यावर उठता बसता ‘भेंडी’ म्हणणाऱ्या पोरांना भाजीची इतकी आठवण होत नसते.

देवाचा धाक ओसरला तशी इंग्रजांची लाज देहाकडे सरकली. ‘ब्लडी’ हा शब्द तर आज हसू यावं इतका सौम्य आहे. पण ११ एप्रिल १९१४ ला लंडनमध्ये बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’मध्ये मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल यांनी ‘नॉट ब्लडी लाइकली’ म्हटलं, तेव्हा थिएटर हादरलं. वर्तमानपत्रं तो शब्द छापायला कचरली. लोकांनी त्यावरही तोड काढली आणि शिवीच्या जागी नाटकाचंच नाव घालून ‘नॉट पिग्मॅलियन लाइकली’ म्हणू लागले. याच नाटकावरून पुलंनी ‘ती फुलराणी’ रचली, त्यामुळे हा प्रसंग आपल्यालाही अनोळखी नाही. गंमत अशी, की नाटकाची नायिका एलायझा हिला तो शब्द वाईट आहे याचा पत्ताच नसतो. तिने उच्चार शिकलेले असतात, कोणता शब्द कुठे चालत नाही हे शिकायचं राहिलेलं असतं. ‘ब्लडी’ पुरता निवला असं समजून ऑस्ट्रेलियाच्या पर्यटन खात्याने २००६ साली ‘सो व्हेअर द ब्लडी हेल आर यू?’ अशी जाहिरात केली. ब्रिटनच्या टीव्हीवर सुरुवातीला तीही अडवली गेली.

‘फक’चा प्रवास याहून खडतर. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाने आपल्या पहिल्या आवृत्तीत हा शब्द घेतलाच नाही. तो आला थेट १९७२ च्या पुरवणीत. मधल्या काळात १९६० साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही कादंबरी छापणाऱ्या पेंग्विनवर अश्लीलतेचा खटला चालला. सरकारी वकिलांनी ज्युरीला शब्द चक्क मोजून दाखवले: हा शब्द किमान तीस वेळा. ज्युरीने प्रकाशकाला निर्दोष सोडलं. इकडे मुंबईत तेच पुस्तक विकल्याबद्दल एका बुक स्टॉलच्या भागीदारांना वीस रुपये दंड झाला होता, आणि १९६४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. एकच पुस्तक, तेच शब्द, चार वर्षांच्या अंतराने दोन उलटे निकाल. आता इंग्रजी जगात देहाच्या शिव्या पुष्कळ सैल झाल्यात आणि सगळ्यात जहरी शब्द म्हणजे वंश, वर्ण, अपंगत्व यांवरून हिणवणारे. ते मात्र या लेखातही लिहवत नाहीत, आणि हीच त्यांच्या धारेची खूण समजा.

शिवी मेंदूतही जरा वेगळ्या वाटेने जाते असं दिसतं. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरकडे एक रुग्ण आला. त्याची वाचा गेली होती. काहीही विचारलं तरी ‘तान’ एवढंच म्हणायचा. पण राग अनावर झाला की देवाच्या नावाची एक फ्रेंच शिवी तोंडातून सबंध बाहेर पडायची. जुळवून बोललेली वाक्यं जिथे तयार होतात ती जागा बिघडली, तरी शिवी वाचली.

याच्यापुढचं काम इंग्लंडच्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीव्हन्स यांनी केलं. २००९ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना बर्फासारख्या गार पाण्यात हात बुडवायला सांगितलं. एकदा शिवी पुटपुटत, एकदा टेबलाचं वर्णन करणारा एखादा साधा शब्द म्हणत. शिवी देताना त्यांनी हात जास्त वेळ पाण्यात ठेवला. पुढे दोन गोष्टी लक्षात आल्या आणि मला त्याच जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक, ज्यांच्या तोंडी दिवसभर शिव्या असतात त्यांना कमी फायदा झाला. दुसरी, २०२० मध्ये त्यांनी ‘फाउच’ आणि ‘ट्विझपाइप’ अशा दोन बनावट शिव्या तयार करून पाहिल्या. ऐकायला जोरकस, हसू आणणाऱ्याही. वेदना काडीची कमी झाली नाही. म्हणजे नुसत्या आवाजात काही नसतं. लहानपणी त्या शब्दापायी कोणीतरी डोळे वटारलेले असावे लागतात.

आणि डोळे वटारलेले असतात ते मातृभाषेत. २००३ च्या एका अभ्यासात, इंग्रजी पुढे उशिरा शिकलेल्या तुर्की लोकांच्या बोटांना तारा लावून त्वचेत होणारा बारीक बदल मोजला. तुर्की ऐकताना, त्यातही ‘लाज नाही वाटत?’ छापाची लहानपणची दटावणी ऐकताना, बोटांना जो दरदरून प्रतिसाद आला तो इंग्रजीत आला नाही. आमच्या मावशीचं उदाहरण याहून सोपं. उकडीचा मोदक हातात फुटला की ती सोवळ्यात असतानाही ‘ओ शिट!’ म्हणते. त्याच शब्दाचा मराठी अर्थ देवघराच्या दारात तिच्याकडून कोणी वदवून दाखवावा. आपल्या कानांना इंग्रजी शिव्या मिळाल्या त्या आधीच थंड झालेल्या, म्हणून आपण त्या जास्तच सढळ हाताने वापरतो आणि तिकडच्या मीटिंगमध्ये समोरचे गप्प का झाले ते कळत नाही.

उलटंही घडतं. जानेवारी २००८ ची सिडनी कसोटी आठवत असेल. हरभजन सिंगने ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला ‘मंकी’ म्हटल्याचा आरोप झाला. अपिलाच्या सुनावणीत, दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या सचिन तेंडुलकरची साक्ष झाली, की हरभजन ‘तेरी माँ की’ म्हणाला होता. म्हणजे उत्तरेतलं अर्धवट सोडलेलं वाक्य, आपल्या ‘आयला’चाच भाऊबंद. न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी वंशद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही असं ठरवलं आणि अपशब्दांबद्दल निम्मं मानधन दंड केला. एका वकिली सुनावणीत उत्तरेतली एक शिवी इतक्या गांभीर्याने तपासली गेल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

त्याच सामन्यात आणखी एक तक्रार झाली होती, ती आता फारशी कोणाला आठवत नाही. ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅड हॉगने कुंबळे आणि धोनी यांना ‘बास्टर्ड्स’ म्हटल्याची. भारतीय घरात हा शब्द थेट आईपर्यंत पोहोचतो. ऑस्ट्रेलियात तो मित्राच्या पाठीवर थाप मारतानाही वापरतात. शेवटी कुंबळेने ती तक्रार मागे घेतली.

त्या देशात या शब्दाचं काय होतं याचा नमुना १९३२-३३ च्या इंग्लंड-ऑस्ट्रेलिया ‘बॉडीलाइन’ कसोटी मालिकेतला आहे. सांगणारे तो थोडा थोडा बदलून सांगतात, पण गाभा तोच. इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन, टायबिय नीट बांधलेला ताठ माणूस, ऑस्ट्रेलियाच्या ड्रेसिंग रूमचं दार ठोठावतो आणि तक्रार करतो, की तुमच्या एका खेळाडूने मला बास्टर्ड म्हटलं, त्याने माफी मागावी. दार उघडलेलं असतं उपकर्णधार व्हिक रिचर्डसनने. तो वळून आपल्या पोरांना विचारतो, ‘काय रे, तुमच्यातल्या कुठल्या बास्टर्डने या बास्टर्डला बास्टर्ड म्हटलं?’

पहिला बास्टर्ड आपला माणूस, दुसरा दारात उभा असलेला, तिसरी ती शिवी. मेकॅनिकने निदान ‘इंग’ आणि ‘अर’ची मदत घेतली होती; रिचर्डसनने शब्दाला हातही लावला नाही, आणि ड्रेसिंग रूममध्ये कोणाचाही गोंधळ झाला नाही.